शिट्टीवरचं वर्ष १९१५ की १९४५?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. कोरेगावकडच्या जुन्या घरात पणजोबांच्या ट्रंकेत, दोन पदकांच्या पुरचुंडीशेजारी एक लांबट शिट्टी सापडली. लांबी साधारण सव्वातीन इंच, वरच्या टोकाला कडी. निकेलचा मुलामा बराच उडालाय, खालचं पितळ दिसतंय. अंगावर इंग्रजीत ‘जे. हडसन अँड कंपनी, बर्मिंगहॅम’ असा ठसा आहे. त्याखाली वर्ष आहे, पण तिसरा आकडा झिजलाय: एक, नऊ, मग पुसट, मग पाच. शेजारी कावळ्याच्या पायासारखी तीन रेघांची खूण. आत्या सांगतात की पणजोबांनी ही इराकमधल्या बसऱ्याहून आणली. साताऱ्यातला जुन्या वस्तूंचा एक व्यापारी म्हणाला, ही फौजेची नाहीच, पोलिसांची आहे. आणि तुम्ही विचारलंय: ही कोणी बनवली, किती जुनी, आणि घासून लख्ख करू का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. घासू नका. चिंच, लिंबू, राखुंडी, भांड्यांची पावडर, काहीच लावू नका. का ते पुढे सांगतो, पण तोवर कुणी हौसेनं देव्हाऱ्यातल्या समईबरोबर ती घासायला घेऊ नये म्हणून हे वरच लिहिलं.

सांगलीत मी तीसेक वर्षं जुनी घड्याळं, बिल्ले, पदकं, पितळी उपकरणं असल्या वस्तू दुरुस्त करतो. सातारा जिल्ह्यातून अशा शिट्ट्या माझ्याकडे सतत येतात. अपशिंगे गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ लागतं तो हा जिल्हा. इथे घरोघरी एखादी ट्रंक असते आणि ट्रंकेत काहीतरी फौजी निघतंच. तेवढ्या अनुभवावरून सांगतो, तुमच्या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत. शिट्टी कोणी केली, हा एक. कधी केली, हा दुसरा. आणि तुम्ही शब्दात लिहिलेला नाही, पण खरा जाणून घ्यायचाय तो तिसरा: पणजोबांनी ती बसऱ्याला वाजवली का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं धातूवर मिळतात. तिसऱ्याचं उत्तर शिट्टीवर नाही. ते त्या पुरचुंडीतल्या पदकांवर असण्याची शक्यता जास्त आहे.

बनवणारा कोण, हे सोपं आहे. जोसेफ हडसन यांनी १८७० मध्ये बर्मिंगहॅमला हा उद्योग सुरू केला. १८८० च्या दशकात लंडनच्या पोलिसांनी लाकडी खुळखुळा सोडून शिट्टी घेतली, ती हडसनचीच. तुमच्याकडे आहे तो घाट त्याच घराण्यातला. नळीच्या आत पडदा घालून दोन कप्पे केलेले असतात, एक किंचित लांब, एक किंचित आखूड. फुंकलं की दोन जवळजवळचे सूर एकदम निघतात, ते एकमेकांवर आपटतात, आणि म्हणून तो आवाज कानाला खरखरीत लागतो, गोंगाटातही वेगळा ओळखू येतो. आत गोळी नाही, त्यामुळे चिखलानं किंवा थुंकीनं गोळी अडकून शिट्टी मुकी होण्याची भानगड नाही. सैन्याला हे सोयीचंच होतं. गोळीवाली गोल शिट्टी, जिच्यावर ‘दि ॲक्मे थंडरर’ लिहिलेलं असतं, ती याच कारखान्याची १८८४ ची दुसरी करामत. तिच्या पोटात बुचाची गोळी असते. शाळेच्या मैदानावर आणि सामन्यात आपण पाहतो ती तिचीच भावंडं.

पण इथेच लोक फसतात. हडसनचा कारखाना आजही चालू आहे आणि नळीची ती शिट्टी आजही बनते. त्यामुळे ‘हडसन’ हे नाव वाचून वय कळत नाही. काही नळ्यांवर ‘दि मेट्रोपॉलिटन’ असं असतं. ते पाहून लोक म्हणतात, लंडन पोलिसांची आहे. ते फक्त त्या प्रकाराचं नाव आहे, दुकानात कोणीही विकत घेऊ शकत होतं. तुमच्या व्यापाऱ्याचंही असंच झालं असावं. त्यानं घाट पाहिला, घाट पोलिसांचाच आहे, म्हणून तो पोलिसांची म्हणाला. त्याला खोटं म्हणत नाही, त्यानं ठसा वाचला नाही इतकंच. आणि बर्मिंगहॅमला हडसन एकटे नव्हते. दि कूर्सी, डाउलर ही नावंही तिथलीच, आणि शेफील्डच्या डिक्सनच्याही शिट्ट्या मिळतात. तुमच्यावर नाव स्पष्ट आहे, त्यामुळे त्या खोलात शिरत नाही.

आता तो कावळ्याचा पाय. ब्रिटिश सरकार आपल्या मालकीच्या वस्तूंवर बाणाचा हा ठसा मारत असे. बंदुकीपासून पाण्याच्या बाटलीपर्यंत सगळ्यावर तो सापडतो. बाण असेल तर वस्तू सरकारी खात्यानं घेतली, असं बिनधास्त समजा. इंग्रजी पोलिसांच्या शिट्टीवर बाणाऐवजी बहुधा त्या त्या दलाचं नाव असतं. म्हणून ठशापुरतं मी व्यापाऱ्याच्या विरुद्ध मत देतो. नाव, वर्ष आणि बाण हे तिन्ही एकत्र असणं ही लष्करी पुरवठ्याची ओळख आहे.

बाण मात्र भिंगाखाली नीट पाहा. त्याच्या खाली किंवा शेजारी इंग्रजी ‘आय’ असेल तर तो हिंदुस्थानी खात्याचा ठसा. बाणाभोवती इंग्रजी ‘सी’चा गोल असेल तर कॅनडाचा. दोन बाजूंना दोन ‘डी’ आणि मध्ये बाण म्हणजे ऑस्ट्रेलिया. आणि दोन बाण एकमेकांकडे टोकं करून, समोरासमोर ठोकलेले असतील तर ती वस्तू सरकारी भांडारातून विकून टाकलेली आहे. ही शेवटची खूण तुमच्या शिट्टीवर निघाली तर गोष्ट पार बदलते. मग पणजोबांनी ती पुण्याच्या जुन्या बाजारातूनही घेतलेली असू शकते. नुसता बाण असेल तर ती ब्रिटिश खात्यानं घेतलेली, आणि ब्रिटिश भांडारातला माल हिंदुस्थानी पलटणींपर्यंत पोचत होता, त्यामुळे ‘आय’ नाही म्हणून नाउमेद होऊ नका.

बाण नसला तरी वस्तू फौजेतली असू शकते, हेही नोंदवून ठेवा. अधिकारी आपापल्या पैशानं शिट्टी घ्यायचे, तिच्यावर सरकारी ठसा कुठून येणार? काहींनी तर चांदीच्या घेतल्या. चांदीची असेल तर काम फार सोपं होतं, कारण इंग्रजी चांदीवर सिंह, शहराची खूण आणि वर्षाचं अक्षर असतं. बर्मिंगहॅमची खूण जहाजाचा नांगर. अक्षरावरून वर्ष थेट काढता येतं.

तुमचं खरं कोडं तो तिसरा आकडा. १९१५ की १९४५? म्हणजे पहिलं महायुद्ध की दुसरं. एका झिजलेल्या रेघेवर तीस वर्षांचा फरक अडकलाय. असा आकडा दिवसाच्या उजेडात, समोरून कधीच वाचू नका. उजेड सरळ पडला की झिजलेला ठसा सपाट दिसतो. रात्री खोलीतला दिवा घालवा, शिट्टी काळ्या कापडावर आडवी ठेवा, आणि मोबाईलची बत्ती टेबलाच्या पातळीवर आणून अगदी तिरपा झोत टाका. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, एकदा वरून. दर वेळी फोटो घ्या. उथळ खळग्याच्या एका काठावर सावली धरते आणि दुसऱ्या काठावर चमक येते. एका झोतात जे दिसत नाही ते दुसऱ्यात दिसतं.

बघायचं काय? इंग्रजी १ म्हणजे एक उभी रेघ, फार तर खाली बैठक. ४ ला तिरकी रेघ असते आणि आडवी दांडी असते. आडवी दांडी उभ्या रेघेच्या उजवीकडे थोडी बाहेर डोकावते, तो बारीक टोकाचा तुकडा बहुतेकदा शिल्लक राहतो. तोच शोधा. दुसरी गोष्ट अंतराची. १ ला जागा कमी लागते, ४ ला जास्त. पहिला १ आणि ९ यांच्यातलं अंतर मोजा, मग ९ पासून ५ पर्यंतचं. मधला आकडा अरुंद होता की रुंद, हे त्यावरून बरंचसं ठरतं. तरी नाही जमलं तर टाल्कम पावडरची चिमूट ठशावर टाकून बोटानं हलकेच फिरवा आणि फुंकून टाका. खळग्यात पांढरं राहतं. पतंगाचा पातळ कागद गुंडाळून मऊ पेन्सिल आडवी फिरवली तरी चालतं, फक्त दाबू नका.

‘मेड इन इंग्लंड’ हे शब्द कुठे आहेत का तेही पाहा. माझ्या हातून गेलेल्या नळ्यांत हे शब्द असले की मी ती पहिल्या युद्धाच्या वेळची म्हणायला कचरतो आणि नंतरच्या काळाकडे झुकतो. हा एकटा पुरावा पुरेसा नाही, पण आकड्याच्या जोडीला धरता येतो.

आता समजा आकडा लागला. तरी एक चूक टाळा. वर्ष एवढंच सांगतं की त्याआधी ही शिट्टी जगात नव्हती. १९१५ ची शिट्टी १९१७ मध्ये कुणाच्या हातात आली असेल, किंवा भांडारात पडून राहून दुसऱ्या युद्धात वाटली गेली असेल. १९४५ निघालं तर मात्र पहिल्या युद्धाचा विषय तिथेच संपला.

आणि ‘बसऱ्याहून आणली’ यावरून युद्ध ठरत नाही. हा मुद्दा फार कमी लोकांच्या लक्षात येतो. बसरा म्हटलं की आपल्याला पहिलं महायुद्ध आठवतं. नोव्हेंबर १९१४ मध्ये हिंदी फौज तिथे उतरली, आणि मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, त्या मोहिमेत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. पण एप्रिल १९४१ मध्येही हिंदी फौज बसऱ्याला उतरली आणि पुढची काही वर्षं इराक-इराणमध्ये राहिली. म्हणजे आत्याचं सांगणं दोन्ही आकड्यांशी जुळू शकतं. पणजोबांचं जन्मसाल १८९५ च्या आसपासचं की १९१५ च्या, हे घरात कुणाला माहीत आहे का विचारा. शिट्टीवरच्या आकड्याइतकंच ते महत्त्वाचं आहे.

समजा आकडा १९१५ निघाला आणि पणजोबा इराकमधल्या कुत गावच्या वेढ्यात होते असं घरात बोललं जात असेल, तर मी थोडा थांबेन. कुतला तुर्कांचा वेढा पडला ७ डिसेंबर १९१५ ला, आणि २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या फौजेनं शरणागती पत्करली. बर्मिंगहॅमला त्याच वर्षी झालेली शिट्टी वेढा पडण्याआधी आत पोचणं, आणि मग तुर्कांच्या कैदेत उन्हातान्हातली ती पायपीट होऊनही खिशात टिकणं, दोन्ही अवघड वाटतं. अशक्य म्हणत नाही. पण तिथे मी ‘नंतर मिळालेली असावी’ असंच लिहून देईन.

म्हणून पदकं काढा. दोन आहेत असं लिहिलंय. एक चांदीचं गोल, एका बाजूला राजाचं डोकं आणि दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा पुरुष, त्याच्याजवळ १९१४ आणि १९१८ हे आकडे, असं असेल तर पहिलं युद्ध. पंख असलेल्या स्त्रीचं काशाच्या रंगाचं गोल पदक हेही पहिल्याच युद्धाचं. सहा टोकांचे तारे असतील, मध्ये राजाची अक्षरं असतील तर दुसरं. गोल पदकाची कड फिरवून भिंगातून वाचा. पहिल्या युद्धाच्या पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. पलटण ‘११७ मराठाज’ अशी असेल तर ती १९२२ च्या आधीची रचना. ‘५ मराठा लाइट इन्फन्ट्री’ असेल तर १९२२ नंतरची.

हुद्द्याकडे मुद्दाम लक्ष द्या. शिट्टी साधारणपणे तुकडी चालवणाऱ्याकडे असायची. त्या काळच्या पायदळाच्या शिकवणीत शिट्टीचे इशारे ठरलेले होते: सावध करायला एक छोटी फुंक, गोळा व्हायला लागोपाठ छोट्या फुंका, धोक्याला आळीपाळीनं लांब आणि आखूड. हे इशारे द्यायचे ते हवालदार, जमादार, सुभेदारांनी आणि साहेबांनी. कडेवर पणजोबांचा हुद्दा हवालदार किंवा वरचा निघाला तर शिट्टी त्यांच्या स्वतःच्या कामाची, या म्हणण्याला चांगला जोर येतो. शिपाई निघाला तर ती कुणाकडून तरी आलेली असण्याचा संभव वाढतो. नंबर आणि पलटण हाती आली की बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्राकडे आणि साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे लेखी विचारा. पेन्शनीचं पुस्तक ट्रंकेच्या तळाच्या कागदाखाली असतं बऱ्याचदा. तो कागद उचलून पाहा.

मी हे इतकं लावून धरतो याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी खटाव तालुक्यातून एक कुटुंब थंडरर घेऊन आलं. पहिल्या युद्धातली, आजोबांची, फ्रान्समधून आणलेली, असं सगळं ठाम. धुळीचा थर मऊ ब्रशनं काढला तेव्हा पोटावर इंग्रजी अक्षरं दिसली: एम. अँड एस.एम.आर. म्हणजे मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे. कोरेगाव, रहिमतपूर, कराड करत मिरजेला जाणारी आपली जुनी मीटर गेज याच कंपनीकडे होती. ही कंपनी १९०८ मध्ये या नावानं झाली आणि १९५१ मध्ये दक्षिण रेल्वे झाली तेव्हा ते नाव गेलं, म्हणजे शिट्टी या दोन सालांच्या मधली. घरातल्या थोरल्या काकूंना मग आठवलं की आजोबा फौजेतून सुटून आल्यावर गार्ड म्हणून लागले होते. पदकं फ्रान्सची होती, शिट्टी रेल्वेची होती, आणि एका ट्रंकेत पन्नास वर्षं शेजारी राहून दोन्हींची गोष्ट एक झाली होती. कुणी खोटं बोललं नव्हतं. ते आजोबांच्या आयुष्याचे दोन भाग होते आणि दुसरा भाग घर विसरून चाललं होतं. मला त्या दिवशी समाधान वाटलं ते याचं की तो परत मिळाला.

आता घासण्याबद्दल. धंद्यात नवा होतो तेव्हा एका गिऱ्हाइकाची अशीच नळी मी बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, धरली. पाच मिनिटांत आरशासारखी झाली. गिऱ्हाईक खूश होऊन गेलं. संध्याकाळी आधीचा फोटो पाहिला तेव्हा कळलं की कडीखाली एक पुसट नंबर होता, बहुधा पलटणीतला, आणि तो मी कायमचा पुसला. ती चूक अजून सलते. ठशाची खोली कागदाएवढी असते. मुलामा त्याहून पातळ. अस्सल तुकड्यात निकेल अक्षरांच्या खळग्यात टिकून राहिलेलं असतं आणि उंचवट्यावरून गेलेलं असतं. जुनेपणाचा हा सर्वांत विश्वासाचा पुरावा, आणि चिंच नेमका तोच खाते.

नकली मालही याच खुणेनं पकडता येतो. जाड पितळी, ‘टायटॅनिक’ किंवा असलंच मोठं नाव आणि जुनं वर्ष लिहिलेल्या शिट्ट्या बाजारात ढिगानं आहेत. त्यांची अक्षरं ओतीव असतात, कडा साबणासारख्या गोल, तळाला बारीक छिद्रं. खऱ्या ठशाच्या कडा झिजल्या तरी तळ स्वच्छ राहतो. शिवाय कडीचं भोक पाहा. वर्षानुवर्षं साखळीला लोंबलेल्या शिट्टीत कडीनं भोक एकाच बाजूला खाल्लेलं असतं. नकलीत ते चारी बाजूंनी सारखं गोल असतं. तुमच्या वर्णनावरून तुमची नकली वाटत नाही, पण भोक पाहून घ्या.

स्वच्छता एवढीच करा: कोमट पाणी, सौम्य साबणाचा एक थेंब, लहान मुलांचा मऊ दातब्रश. घासायचं नाही, नुसता मळ हलवायचा. लगेच सुती कापडानं टिपून सावलीत दिवसभर वाळवा, नळीच्या आत पाणी राहू देऊ नका. हिरवट कळंक जिथे फुगलाय तिथे बांबूच्या टोकदार काडीनं अलगद काढा, लोखंडी सुई नको. कळंक निघेपर्यंत आणि आतून वाळेपर्यंत तोंडाला लावून वाजवू नका, मुलांना तर देऊच नका, कारण जोडावरच्या डाखात शिसं असतं. चामड्याचा पट्टा सोबत असेल तर तो जपून ठेवा, पण शिट्टीपासून वेगळा. चामड्याला टेकलं की पितळ पुन्हा कळकतं. रबरबँड लावू नका.

तुम्ही एक वाक्य सहज लिहून गेलात, की फुंकायच्या टोकाला वरखाली दोन बारीक खळगे आहेत, ते ठोकून सरळ करता येतील का. ते राहू द्या. दोन्ही हात गुंतलेले असताना शिट्टी दातांत धरून वाजवावी लागते, त्याचे ते व्रण आहेत. कुणाच्या दातांचे, हे पदकाची कड वाचल्यावर मला कळवा. तिरप्या उजेडातले तीन फोटो आणि कडेवरची अक्षरं जशीच्या तशी लिहून पाठवा, स्पेलिंग चुकीचं वाटलं तरी दुरुस्त न करता.